जुन्या पेट्रोल जीपला (सीजे ३बी) आता कोणते स्पार्क प्लग घालावेत?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९६७ ची महिंद्रा जीप आहे, सीजे ३बी, पेट्रोल. आजोबांनी सरकारी लिलावात घेतलेली. ते गेल्यावर नऊ वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. आमच्या भागातल्या बहुतेक पेट्रोल जीपांना लोकांनी पुढे डिझेल इंजिनं चढवली. आजोबांनी ते कधी केलं नाही, त्यामुळे हिच्यात मूळचं हरिकेन इंजिन अजून आहे आणि ते तसंच ठेवायचं मी ठरवलंय.

दिवाळीच्या सुट्टीत कामाला हात घातला. टाकी धुतली, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट आणि कंडेन्सर नवे घातले. हँडल मारून गाडी सुरू झाली तेव्हा आई हातातलं काम टाकून अंगणात येऊन उभी राहिली. आवाज ऐकून शेजारचे काकाही आले.

प्रश्न प्लगचा आहे. जुने चार काढले तर दोनांवर ‘चॅम्पियन जे ८’ असं पुसट वाचता येतं, तिसऱ्याची चिनी माती तडकलेली, चौथा भलत्याच कंपनीचा. नमुना घेऊन तालुक्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आटे फिरवून बघितले आणि ‘हेच बसतात’ म्हणून चार प्लग दिले. बसले खरे, पण तेव्हापासून चाबी बंद केली तरी इंजिन पाच-सहा सेकंद धडधडत राहतं. घाटात टाकली की खडखड ऐकू येते. काल बघण्यासाठी एक प्लग सोडवायला गेलो तर चार वेढे नीट आला आणि मग एकदम आवळला. पाना लावून जोर करायचा धीर झाला नाही.

हा जे ८ आता मिळतो का? नसेल तर आजच्या प्लगांपैकी कोणता चालेल? आणि हा अडकलेला कसा काढू?

नानापेठ

जोर केला नाहीत हे फार चांगलं केलंत. आता गाडी चालवू नका.

मी स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर सदतीस वर्षं उभा होतो, त्यामुळे ‘आटे जुळले, बसला’ हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. एक जुना जे ८ आणि दुकानातून आणलेल्यांपैकी एखादा सुटा असेल तर तो, दोन्ही शेजारी ठेवा. वॉशर जिथे टेकतो तिथून आट्याच्या शेवटापर्यंतची लांबी व्हर्नियरने मोजा. खालचं वाकडं टोक धरायचं नाही, फक्त आटे. आकडा इथे टाका, मग बोलू.

चौथा_गिअर

एवढं कशाला? चारही इरिडियम टाका आणि विषय संपवा. मी माझ्या गाडीला टाकलेत, दोन वर्षं बघावं लागलं नाही.

कृष्णाकाठ

@नानापेठ काका, चार आणले होते ते चारही गाडीतच आहेत. पण एक नंबरचा अलगद निघाला, तो मोजला.

जुना जे ८: साडेनऊ मिमी.
नवा: १२.७ मिमी.

नव्याचे शेवटचे दोन-अडीच आटे कोळशासारखे काळे आहेत. वरचे मात्र स्वच्छ.

नानापेठ

तुमचं दुखणं हेच.

१४ मिमीचा प्लग म्हटला की आटा बहुतेक सगळ्यांचा सारखाच, १४ बाय १.२५. त्यामुळे तो फिरतो आणि बसतोही. पण त्याच आट्यात तीन लांब्या सर्रास मिळतात: साडेनऊ मिमी म्हणजे ३/८ इंच, १२.७ म्हणजे अर्धा इंच आणि १९ म्हणजे पाऊण इंच. जीपच्या हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, साडेनऊचा प्लग लागतो. तुम्हाला अर्ध्या इंचाचा दिला. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तीन मिमीपेक्षा जास्त आटे उघडे लोंबताहेत.

त्या उघड्या आट्यांना टेकायला हेडचं लोखंड नाही, मग त्यांची उष्णता जाणार कुठे? पातळ कडा तापून निखारा होतात. चाबी बंद केली की ठिणगी थांबते, पण तो निखारा मिश्रण पेटवत राहतो, म्हणून इंजिन धडधडतं. घाटात ओझं पडलं की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं, तीच तुमची खडखड. जास्त दिवस असंच चाललं तर पिस्टनला भोक पडतं. आणि त्याच उघड्या आट्यांवर काजळी घट्ट बसलीय, ती आता हेडच्या आट्यांतून बाहेर यायला तयार नाही.

उलटंही तितकंच वाईट. १९ चा प्लग लागणाऱ्या हेडला आखूड घातला तर ठिणगी विहिरीच्या तळाशी पडल्यासारखी होते आणि हेडचे रिकामे आटे काजळीने भरतात. पुढे योग्य प्लग घालायला गेलात की तो आटे खराब करतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. जे ८ च्या जागी चॅम्पियनचा जे ८ सी मिळतो. ‘सी’ म्हणजे आत तांब्याचा गाभा, बाकी माप तेच. एनजीकेमध्ये बी ६ एस बघा, तोही साडेनऊचाच. हे प्लग टिकून राहिले याचं कारण जीप नव्हे. गवत कापायच्या यंत्रांच्या जुन्या साइड व्हॉल्व्ह इंजिनांना हाच जे ८ लागतो. म्हणून मोटारीच्या दुकानात ‘नाही’ म्हणाले तरी बागेची आणि शेतीची यंत्रं विकणाऱ्याकडे विचारा. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, ०.०३० इंच, तीस थाऊ, म्हणजे पाऊण मिमीच्या जरा वर. नव्या प्लगचा गॅप डब्यातून बरोबरच येतो असं धरू नका, फिलर गेज लावून बघा.

रानवाटा

दोन वॉशर घातले तर? आमचे मिस्त्री असंच करायचे.

नानापेठ

रस्त्यात अडकलात आणि घर गाठायचंय, तर ठीक. कायमचं नको. प्लगची उष्णता बाहेर जाते ती आट्यांतून आणि वॉशरच्या बैठकीतून. तिथे दोन-तीन वॉशर रचले की बैठक पक्की होत नाही, गॅस फुसफुसतो आणि प्लग ठरल्यापेक्षा गरम चालतो. शिवाय वॉशर दाबून किती जाड राहील हे प्रत्येक वेळी वेगळं. बरोबर लांबीचा प्लग मिळत असताना ही तडजोड करू नये.

उद्यमनगर

गाडीत राहिलेल्या तीन प्लगांबद्दल सांगतो. कोल्हापुरात आमचं लेथचं काम आहे, आटे गेलेली हेडं आठवड्याला एखाद-दुसरं येतंच.

दादा, इंजिन कोमट करा. पेटवायचं म्हणून पेटवू नका, उन्हात उभी केली तरी चालेल. प्लगच्या बुडाशी आधी हवा मारून माती उडवा, नाहीतर ती सगळी सिलिंडरमध्ये जाईल. मग गंज सोडवायचं तेल दोन-चार थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पाव वेढा सोडवा, परत आवळा, परत पाव वेढा सोडवा. पुन्हा तेल. दर वेळी थोडा पुढे येईल. एका प्लगला अर्धा तास लागला तरी लागू द्या. तुमचं हेड बिडाचं आहे, ॲल्युमिनियमचं असतं तर मला जास्त भीती वाटली असती.

प्लग निघाल्यावर १४ बाय १.२५ चा टॅप हातानेच फिरवा. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे कीस आणि काजळी ग्रीसला चिकटून बाहेर येते, आत पडत नाही. टॅप आधी बोटांनी धरून चार वेढे सरळ गेला पाहिजे. वाकडा धरलात तर नवे आटे पडतील आणि हेड माझ्याकडे आणावं लागेल. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे, बसतो, त्याने हेड वाचतं, पण ती वेळ येऊ नये.

मिशिगनकर

वाचून आनंद झाला. मी इकडे एका मित्राबरोबर १९२९ ची फोर्ड मॉडेल ए दुरुस्त करतोय. तिचे प्लग ७/८ इंचाचे, इंचाला १८ आटे. हातात घेतला तर आजच्या प्लगच्या मानाने केवढा वाटतो! ते अजून नवे बनतात, पण पुष्कळ जण ॲडॅप्टर घालून आतून १८ किंवा १४ मिमीचा प्लग बसवतात. आम्ही दोन्ही करून पाहिलं. ॲडॅप्टरमुळे प्लग थोडा आत दबतो आणि उष्णता जायला आणखी एक सांधा वाढतो. शेवटी आम्ही मूळ मापाचेच परत घातले.

तिच्या आधीची मॉडेल टी आणखी वेगळी. तिचा आटा चक्क अर्ध्या इंचाच्या पाइपाचा, निमुळता. त्याला वॉशरच नसतो, नळाच्या जोडासारखा तो आट्यांवरच आवळतो. तिथे कुणी १४ मिमीच्या सवयीने जोर केला तर हेडचं काही खरं नाही.

एक विचारतो. सीजे ३बीचं बॉनेट एवढं उंच का, ते या इंजिनामुळेच ना?

कृष्णाकाठ

हो, याच इंजिनामुळे. आधीच्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. हरिकेनमध्ये इनटेक वर हेडमध्ये गेला, एक्झॉस्ट खालीच राहिला. क्षमता तीच, २१९९ सीसी, पण इंजिन उंच झालं आणि बॉनेटही वर उचलावं लागलं. १९५३ मध्ये विलीजने ही गाडी काढली. त्यांनी थांबवल्यावरही महिंद्राने ती पुढे बनवली. लहानपणी मी त्या बॉनेटवर बसून ऊस खायचो.

जुना_डबा

धाग्यात थोडी घुसखोरी करतो. वडिलांच्या पेटीत मायकोचे सहा न वापरलेले प्लग सापडले, मेणकागदात गुंडाळलेले. वर ‘डब्ल्यू १७५ टी १’ असं आहे. आताचे बॉशचे बघितले तर नंबर ७, ८ असे एकअंकी. १७५ म्हणजे फारच गरम का?

नानापेठ

बरं झालं विचारलंत, इथे काउंटरवरची अनुभवी माणसंही चुकतात.

मायको म्हणजे बॉशचीच बंगळूरुची कंपनी, १९५१ ची. जुन्या पद्धतीत आकडा मोठा तितका प्लग थंड: १४५ गरम, १७५ त्याहून थंड, २२५ आणखी थंड. पुढे बॉशने आकडे बदलले आणि दिशाही उलटली. आता आकडा मोठा तितका प्लग गरम. तुमचा १७५ टी १ म्हणजे आताचा डब्ल्यू ७ ए. ‘टी १’ म्हणजे अर्धा इंच लांबी, तेच आता ‘ए’ अक्षर सांगतं. तो जुना माल मेणकागदात कोरडा राहिला असेल तर आजही वापरता येईल. फक्त चिनी मातीला बारीक तडा नाही ना, ते भिंगातून बघा. आणि ज्या हेडला अर्धा इंच लागतो तिथेच.

आता चॅम्पियनमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड. म्हणून एका कंपनीचा ‘६’ आणि दुसरीचा ‘६’ यांचा एकमेकांशी संबंध नाही. ‘एक नंबर वरचा दे’ असं गिऱ्हाईक म्हणालं की मी आधी विचारायचो, कुठल्या कंपनीचा वर?

गरम-थंड म्हणजे ठिणगी गरम असं नव्हे. प्लग स्वतःची उष्णता हेडला किती लवकर देतो, तेवढाच अर्थ. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर त्यावरची काजळी जळून जाते. ९०० च्या आसपास गेलं तर ते स्वतःच मिश्रण पेटवायला लागतं. जीपसारख्या कमी कॉम्प्रेशनच्या, सावकाश चालणाऱ्या इंजिनाला फार थंड प्लग दिला तर तो काळाच पडणार.

चौथा_गिअर

माझ्या इरिडियमवर कुणीच बोललं नाही.

रानजाई

मी बोलते. मी ऑटोमोबाइल शिकवते आणि घरी वडिलांची जुनी गाडी मीच सांभाळते.

इरिडियम वाईट नाही. बारीक टोकामुळे ठिणगीला कमी व्होल्टेज लागतं आणि टोक झिजत नाही, म्हणून आजच्या गाड्यांत तो लाखभर किलोमीटर चालतो. पण पॉइंटवरच्या जुन्या इंजिनात प्लग झिजून मरत नाही, तो ऑइल आणि काजळीने बुजून मरतो. बुजलेला साधा प्लग आपण घासून, गॅप करून परत घालतो. इरिडियमच्या बारीक टोकावर ब्रश चालवला तर ते तुटतं. तुमची गाडी स्वच्छ जळत असेल, तर तुम्हाला तो चालला हे अगदी खरं आहे. नऊ वर्षं उभ्या असलेल्या जीपला मी साधाच देईन. दर हजार किलोमीटरला काढून बघायचाय ना!

दुसरं, नंबरातलं ‘आर’ अक्षर. आर म्हणजे आत रेझिस्टर, बहुधा ५ किलोओहमचा. मल्टिमीटरची एक टोकणी वर आणि दुसरी मधल्या इलेक्ट्रोडला लावली की कळतं. आर असलेला प्लग चालतोच, रेडिओची खरखर कमी होते. फक्त वायरही रेझिस्टन्सवाली, टोपीही रेझिस्टरची आणि प्लगही आर, असं तिन्ही एकत्र नको. जुन्या कॉइलची ठिणगी आधीच बेताची असते. तांब्याच्या वायरी असतील तर आर घ्या नाहीतर बिनआर, फार फरक पडणार नाही. मॅग्नेटोच्या, म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगीची वीज तयार करणाऱ्या, इंजिनाला मात्र मी बिनआरच देते.

चौथा_गिअर

ताई, ब्रशचं माहीत नव्हतं. धन्यवाद. माझी गाडी इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर आहे, तेव्हा तुमचं बरोबर.

कृष्णाकाठ

दहा दिवसांनी लिहितोय. तिन्ही प्लग निघाले. तीन नंबरला पूर्ण सकाळ गेली. उद्यमनगर दादा, पाव वेढ्याची युक्ती मी आता आयुष्यभर विसरणार नाही. टॅप फिरवला तेव्हा ग्रीसला चमचाभर काळं चिकटून आलं. आटे चारही शाबूत आहेत.

जे ८ सी शोधायला पुण्यात गेलो. नाना पेठेतल्या दोन दुकानांत नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी बी ६ एसचे दोनच होते, ते घेतले. मग रविवारच्या जुन्या बाजारात एकाकडे ‘जे ८’चा डबा मिळाला. फार स्वस्त वाटले म्हणून चार घेतले आणि तिथेच फसलो. वॉशर बोटाने फिरवला तर गळून हातात आला, आटे खरखरीत आणि अक्षरं नखाने निघतात. ते चारही बाजूला ठेवलेत. शेवटी शेतीची यंत्रं विकणाऱ्या माणसाकडे खरे जे ८ सी मिळाले, काका म्हणाले होते अगदी तसेच. सहा घेतले, दोन जवळ राहतील.

तीस थाऊ गॅप केला. हाताने बसेपर्यंत फिरवले आणि मग पान्याने अर्ध्या वेढ्याच्या थोडं पुढे, वॉशर दबल्याचं हाताला कळेपर्यंत. चाबी फिरवली की इंजिन आता जागच्या जागी थांबतं.

तरी चार नंबरचा त्रास आहे. ऐंशी किलोमीटर चालवून काढले. एक, दोन, तीन पांढुरक्या राखाडी रंगाचे. चौथा काळा, ओला, हाताला ऑइल लागतं. चौथ्याला एक पायरी गरम प्लग घालू का?

नानापेठ

आधी चौथा आणि दुसरा एकमेकांच्या जागी घाला आणि तेवढंच चालवा. काळेपणा प्लगबरोबर दोनवर गेला तर दोष प्लगचा. चारवरच राहिला तर दोष सिलिंडरचा. वायरी काढताना खुणा करा, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे.

रानजाई

चौथा ओला आणि ऑइलकट असेल, तर तो मिश्रणाचा दोष नाही. मिश्रण जास्त असतं तर काजळी कोरडी, मखमलीसारखी असती आणि चारही काळे झाले असते. कॉम्प्रेशन मोजा. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा. नाही चढला, तर या इंजिनात माझा पहिला संशय वरच्या इनटेक व्हॉल्व्हच्या गाइडवर, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यावर. गाइड झिजली की इनटेकची ओढ रॉकरकडचं ऑइल खाली खेचते. गरम प्लगने ते ऑइल काही दिवस जळून जाईल, गाइड मात्र तशीच राहील.

मला काळजी उरलेल्या तिघांची जास्त वाटते. ‘पांढुरके राखाडी’ म्हणालात. फिकट तपकिरी हवेत. पंपावरचं पेट्रोल आता ई २० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते आणि तुमच्या कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाने पाडलेलं. त्यामुळे तेच जेट आता मिश्रण पातळ देतं. प्लग पांढरे दिसले म्हणून लगेच थंड प्लग घालू नका, आधी जेट एक माप मोठं करून बघा. आणि पेट्रोलची रबरी नळी जुनी असेल तर ती आजच बदला. इथेनॉलने ती आतून सोलते आणि तो चुरा जेटमध्येच जाऊन बसतो.

कृष्णाकाठ

ताई, नळी खरंच आतून सोललेली होती. बदलली.

प्लग आलटून पालटून पाहिले, ऑइल चारवरच राहिलं. कॉम्प्रेशन चौथ्याचं इतरांइतकंच आहे, ऑइल सोडूनही जवळपास तेवढंच. म्हणजे गाइडच. मेमध्ये हेड उतरवून कोल्हापूरला आणतो, उद्यमनगर दादा. तोवर चौथा प्लग दर दोनशे किलोमीटरला धुऊन घालतोय.

जेट एक माप मोठं केलं. काल आईला घेऊन औदुंबरला जाऊन आलो. घरी येऊन गरम इंजिनावरच एक नंबरचा काढला. टोकाला फिकट तपकिरी रंग आलाय, बिस्किटासारखा.

नानापेठ

बरोबर रंग. हेड आणाल तेव्हा चारही गाइड मोजून घ्या, एकट्या चौथ्याचीच करू नका. आणि जुन्या बाजारातले ते चार खोटे प्लग हातोड्याने फोडून टाका. शेडमध्ये ठेवलेत तर पाच वर्षांनी कुणीतरी नवे समजून घालेल.

कृष्णाकाठ

फोडले, काका.